चिकटलेलं, चिकटवलेलं

मी तो शंख अकराव्या वर्षी बिघडवला, आणि तोही मोठ्या कष्टानं.

काका बोटीवर नोकरीला होते. सुट्टीवर आले की पत्र्याच्या डब्यातून काहीबाही आणायचे. त्या वर्षी डब्यात शंख होते. बहुतेक गुळगुळीत, चकचकीत, बघताक्षणी हातात घ्यावेसे वाटणारे. एकच घाणेरडा होता. पसरट, बसक्या छत्रीसारखा, आणि त्याच्या अंगावर जागा मिळेल तिथे काहीतरी चिकटलेलं. शिंपल्यांचे तुकडे, दोन लांबुडके शंख, एक खडा, पोवळ्याचा चुरा. समुद्राच्या तळाशी पडून पडून कचरा बसलाय, अशी माझी खात्री झाली. रात्रभर पाण्यात भिजत घातला. जुन्या टूथब्रशनं घासला. ढिम्म. मग पेन्सिलीला टोक काढायचं ब्लेड घेतलं आणि फटीत घालून उचकटायला सुरुवात केली.

तीन वस्तू निघाल्या. प्रत्येक वेळी 'कट्' असा बारीक आवाज आला. निघाल्या तिथे पांढरे खळगे पडले, कडेनं किंचित उंचवटा असलेले. ओल्या मातीत काहीतरी दाबून ठेवावं आणि माती वाळल्यावर काढावं, तसे. माझ्या अकरा वर्षांच्या डोक्यालाही ते जरा विचित्र वाटलं होतं. कचऱ्याखाली जागा सपाट असायला हवी होती.

काका रागावले नाहीत. शंख उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "अगं, हे चिकटलेलं नव्हतं. चिकटवलेलं होतं."

"कुणी?"

"तिनंच. आत राहायची ना, तिनं."

काकांना थापा मारायची सवय होती, म्हणून मी ते सोडून दिलं. निघालेले तीन तुकडे मात्र त्यांनी एका काड्यापेटीत भरले आणि ती पेटी शंखासोबत डब्यात ठेवली. शंखाचा खरेपणा कळायला मला पुढची वीस वर्षं लागली, आणि काकांच्या वाक्यातला 'व' किती नेमका होता हे कळायला त्याहून जास्त.

त्या गोगलगाईच्या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव झेनोफोरा. ग्रीकमध्ये 'झेनोस' म्हणजे परका आणि 'फोरोस' म्हणजे वाहून नेणारा. परक्यांना पाठीवर घेणारी. समुद्रतळावरचे रिकामे शिंपले, मेलेल्या गोगलगाईंचे शंख, खडे, पोवळ्याचे तुकडे ती वेचते आणि स्वतःच्या कवचावर पक्के बसवते. आयुष्यभर. शंखाची वाढ मुखाच्या कडेशी होते, नवा वळसा तिथेच तयार होतो, आणि ही जोडणीही तिथेच चालते. पायाच्या पुढच्या भागानं आणि सोंडेनं ती वस्तू धरते, साफ करते, फिरवून फिरवून बघते, मनासारखी बसली की प्रावाराच्या कडेतून पाझरणाऱ्या द्रव्यानं जखडून टाकते. प्रावार म्हणजे शंखाच्या आत अंगाभोवती असलेली मांसल घडी. सगळं कवच तीच घडवते, त्यामुळे या डिंकाचं सामान घरचंच. एक वस्तू बसवायला दीडेक तास लागू शकतो आणि त्यानंतर दहा-दहा तास ती जागची हलत नाही. गवंडी नुसता गिलावा करून निघून जातो, ही बाई तो वाळेपर्यंत भिंतीला टेकून बसते.

वाचताना मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो मात्र आणखी पुढच्या तपशिलाचा. झेनोफोरा शिंपल्याची एखादी झडप, म्हणजे त्याच्या दोन वाट्यांपैकी एक, चिकटवते तेव्हा बहुतेक वेळा तिची खोलगट बाजू वर ठेवते. वाटी उताणी. शंख चिकटवला तर त्याचं मुख वरच्या बाजूला. आता समुद्रतळावर सुटी झडप कशी पडते? प्रवाह तिला ढकलत राहतो, उलटवत राहतो, आणि शेवटी ती पालथी पडली की स्थिर होते, कारण पालथ्या वाटीवरून पाणी सहज निघून जातं. जुन्या खडकांमध्ये एकेकाळी प्रवाह होता का, हे ओळखायला भूवैज्ञानिक झडपांची ही पालथी ठेवणही बघतात. म्हणजे नुसतं आपोआप चिकटलं असतं, तर बहुतेक झडपा पालथ्या सापडल्या असत्या. झेनोफोराच्या पाठीवर त्या उताण्या आहेत. कुणीतरी उचलून, वळवून ठेवल्याशिवाय हे होत नाही. काकांचा 'व' इथे पुराव्यासकट उभा राहतो.

त्या शंखाकडे आता भिंगातून बघताना आणखी एक गोष्ट दिसते. टोकाजवळ, जिथे ती अगदी लहान होती, तिथे वाळूचे जाड कण आणि कसले तरी बारीक कपचे आहेत. पुढच्या वळशावर तांदळाएवढे शंख. त्यापुढे नखाएवढ्या झडपा. शेवटच्या वळशावर बोटाच्या पेराएवढे लांब शंख, चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर निघालेले. जसजशी वाढत गेली तसतशी मोठी ओझी पेलायला लागली. वळशावळशानं खाली उतरत गेलं की कुठल्या वयात तिच्या वाटेवर काय पडलं होतं ते वाचता येतं. मी उचकटलेल्या तीन वस्तू मधल्या वळशावरच्या. तेवढी पानं फाटलेली.

हे सगळं ती कशासाठी करते? लपायला, हे पहिलं उत्तर. वरून बघणाऱ्याला तळावरचा ढीग दिसतो, गोगलगाय दिसत नाही. पण काही जाती शेकडो मीटर खोल राहतात, तिथे उजेडच इतका कमी की नुसत्या लपण्यावर माझं समाधान होत नाही. जास्तीच्या थरानं कवच मजबूत होतं, हे दुसरं. आणि मला सगळ्यात पटतं ते तिसरं: मऊ चिखलात बुडू नये म्हणून. कडेनं बाहेर निघालेल्या आऱ्या चिखलावर टेकतात, वजन पसरतं, शंख जरा उचललेला राहतो आणि खाली एक छोटी पडवी तयार होते. त्या पडवीत बसून ती तळावरचा सेंद्रिय गाळ आणि सूक्ष्म जीव खाते. झेनोफोरा पॅलिड्युला ही खोल पाण्यातली जात लांब, टोकदार शंखच निवडते आणि ते बरोबर बाहेरच्या दिशेनं लावते. तिच्या एखाद्या नमुन्यावर बाकी कुठे सहज न मिळणारे शंखही बसलेले सापडतात, म्हणून जाणते संग्राहक आधी तिच्या पाठीवरचं सामान तपासतात, तिला नंतर.

युरोपातल्या जुन्या संग्राहकांना ती १८व्या शतकातच माहीत होती. फ्रेंच लोक तिला 'फ्रिपिएर' म्हणत, म्हणजे जुनेपाने कपडे विकणारी. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द बोहारीण. तिचं दुसरं फ्रेंच नाव होतं 'मासोन', म्हणजे गवंडीण. दोन्ही नावं बायकी आणि दोन्ही कामकरी. शास्त्रीय नावात तिच्या वाट्याला नुसतं ओझं आलं.

शास्त्रीय नावाची कथा व्हिएन्नापासून सुरू करू. इग्नाझ फॉन बॉर्न हा खरा खनिजांचा जाणकार. राणी मारिया थेरेसानं त्याला राजघराण्याचा संग्रह लावायला बोलावलं आणि त्यात शंखही होते. १७८०मध्ये त्यानं या गोगलगाईला नाव दिलं ट्रोकस कॉन्किलिओफोरस. ट्रोकस ही भोवऱ्यासारख्या शंखांची प्रजाती. उंच टोक, रुंद सपाट तळ, तिरपं मुख. बाहेरून बघितलं तर बॉर्नची चूक म्हणवत नाही. पण ट्रोकसचा शंख फुटला की आत मोत्यासारखा चमकणारा थर दिसतो. झेनोफोराच्या आत तो नाही, साधा पांढुरका, चिनी मातीच्या भांड्यासारखा पृष्ठभाग आहे. दोघींचा आकार सारखा असला तरी भिंतीचं बांधकाम वेगळं, आणि नात्यानं त्या एकमेकींपासून फार दूर आहेत.

मग १८०४मध्ये लॅमार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं पॅरिसच्या आसपासच्या खडकांतल्या एका नामशेष जातीला नाव दिलं ॲग्लुटिनन्स. लॅटिनमध्ये हा कर्तरी धातुसाधित आहे: चिकटवणारा. 'चिकटलेला' म्हणायला लॅटिनमध्ये वेगळं रूप आहे, ते त्यानं वापरलं नाही. लॅमार्कच्या हातात फक्त दगड झालेला शंख होता, जिवंत प्राणी काम करताना बघायची सोयच नव्हती. तरी क्रियापद त्यानं बरोबर निवडलं. पत्र्याच्या डब्यातला शंख हातात घेऊन मी हेच क्रियापद चुकले होते, म्हणून हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा लाजल्यासारखं झालं.

झेनोफोरा हे प्रजातीचं नाव आलं १८०७मध्ये, मॉस्कोहून. फिशर फॉन वाल्डहाइम हा जर्मन माणूस तिथे देमिदोव्ह या श्रीमंत रशियन घराण्याच्या संग्रहाची सूची करत होता. पाच वर्षांनी, १८१२मध्ये, मॉस्को जळालं आणि तो संग्रह ठेवलेलं विद्यापीठाचं संग्रहालयही त्यात जळालं. सूचीतलं नाव राहिलं. १८१०मध्ये मॉन्टफोर्टनं याच गोगलगाईंना 'फोरस' म्हटलं, नुसतं 'वाहणारा'. (हा मॉन्टफोर्ट म्हणजे जहाजं बुडवणाऱ्या राक्षसी ऑक्टोपसच्या गोष्टी शास्त्राच्या पुस्तकात लिहिणारा गृहस्थ. काकांचं आणि त्याचं छान जमलं असतं.) त्याचं नाव बरीच वर्षं चाललंही. पण प्राणिनामांचा नियम सरळ आहे: आधीचं नाव खरं. तीन वर्षांच्या फरकानं फोरस मागे पडलं, आणि मला विचाराल तर बरंच झालं. 'वाहणारा' कुणीही असतो. परकं काही वाहणं, यात गंमत आहे.

आज त्या पहिल्या जातीचं नाव लिहितात झेनोफोरा कॉन्किलिओफोरा, आणि पुढे कंसात बॉर्न, १७८०. तो कंस मला फार आवडतो. नाव देणाऱ्याचं नाव कंसात असेल तर समजायचं की या जातीनं घर बदललंय, पहिल्यांदा नाव पडलं तेव्हा ती दुसऱ्या प्रजातीत होती. कंस नसेल तर ती जन्मली त्याच घरात आहे. आणि घर बदलताना आणखी एक गोष्ट बदलली: कॉन्किलिओफोरसचं कॉन्किलिओफोरा झालं. ट्रोकस पुल्लिंगी, झेनोफोरा स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणालाही लिंग बदलावं लागलं. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. काळा घोडा, काळी गाय. इंग्रजीतून शास्त्र शिकलेल्या कितीतरी जणांना मात्र हा नियम रटावा लागतो.

झेनोफोरिडी हे कुल, म्हणजे नात्यातल्या प्रजातींचं कुटुंब, ट्रॉशेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८५२मध्ये मांडलं. त्यात आज जिवंत जातींच्या तीन प्रजाती धरतात: झेनोफोरा, ओनुस्टस आणि स्टेलारिया. यातली कुठली, हे ओळखायचं कसं? मी वर्षभर चुकीच्या बाजूनं बघत होते. पाठीवरचं सामान मोजत होते, शंख किती, खडे किती. ते सामान ती जिथे राहिली तिथल्या तळाबद्दल बोलतं, तिच्या घराण्याबद्दल फार थोडं. या कुलाची आजच्या जगातली जी मोठी उजळणी विन्स्टन पाँडर या शंखतज्ज्ञानं १९८३मध्ये केली, तिच्या मागे लागून मी शेवटी शंख उलटा केला.

खालची बाजू कोरी असते. तिथे ती काही चिकटवत नाही. तिथे तिनं स्वतः घडवलेलं सगळं उघडं दिसतं: तळावरच्या बारीक वळणदार रेषा, मुखाची तिरपी ठेवण, मधोमध नाभी आहे की बुजलीय, परिघाला झालर आहे का आणि केवढी. नाभी म्हणजे शंख ज्या आसाभोवती वळत जातो तिथे तळाशी उरलेला खळगा. माणसाच्या बेंबीशी त्याचा संबंध नाही, पण नाव चपखल आहे. झेनोफोरात नाभी अरुंद असते, पुष्कळदा भरून गेलेली, झालर आखूड, आणि सामान पार शेवटच्या वळशापर्यंत. ओनुस्टसमध्ये नाभी रुंद आणि परिघाला पातळ, पसरट झालर, साडीच्या काठासारखी बाहेर आलेली. स्टेलारियातल्या काही जातींत त्या झालरीच्या जागी पोकळ बोटं फुटतात, सूर्याच्या चित्रातल्या किरणांसारखी. लिनियसनं १७६४मध्ये तिच्यातल्या एका जातीला सोलॅरिस, म्हणजे सूर्याची, म्हटलं ते यावरूनच. तीही त्यानं ट्रोकसमध्येच टाकली होती. स्टेलारिया नावाची एक वनस्पतीही आहे, लिनियसनंच नाव दिलेली, पण वनस्पती आणि प्राणी यांचे नामकरणाचे नियम वेगवेगळे असल्यामुळे दोघी एकाच नावानं सुखात नांदतात.

ओनुस्टसची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅटिनमध्ये 'ओनुस्टस' म्हणजे लादलेला, भारानं वाकलेला. आणि नाव मिळालं कुणाला, तर या कुटुंबात सामान कमी वाहणाऱ्यांना. त्यातल्या एका जातीला रीव्ह या इंग्रज शंखतज्ज्ञानं १८४२मध्ये एक्झुटस म्हटलं होतं, म्हणजे अंगावरचं उतरवलेला, उघडा. पुढे घर बदललं आणि दोन्ही शब्द शेजारी आले: ओनुस्टस एक्झुटस. लादलेला उघडा. नियमाप्रमाणे अगदी बरोबर नाव, फक्त अर्थ बघायचा नाही. कुठल्याही कवीनं मुद्दाम केलं असतं तर आपण त्याला दाद दिली असती.

कुटुंब ठरलं तरी ते कुठल्या वाड्यात बसवायचं हा प्रश्न बराच काळ चालला. भोवऱ्यांच्या शेजारून उठवलं, मग कित्येक वर्षं स्वतंत्र अधिकुल, म्हणजे कुलाच्या वरचा गट, दिलं. आता त्यांना स्ट्रॉम्बॉयडिया अधिकुलात धरतात, म्हणजे फताड्या ओठाच्या मोठ्या स्ट्रॉम्बस शंखांच्या नात्यात. शंख बघून हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण चाल बघितली की येतं. साधी गोगलगाय सपाट पायावरून घसरत जाते, मागे सलग चकचकीत रेघ सोडत. झेनोफोरा घसरत नाही. ती पाय पुढे टाकते, रोवते, सगळा डोलारा उचलते आणि पुढे आदळते. मग पुन्हा. स्ट्रॉम्बसही असाच उड्या मारत जातो. कवच कसंही वाढो, चालीत घराणं दिसतं. पाठीवर एवढा पसारा घेऊन उडी मारणाऱ्या बाईकडे मी तासभरही बघू शकेन.

हे वेड या एकाच घराण्याचं असेल असं मला वाटायचं. झेनोफोरिडीचे जीवाश्म क्रिटेशस काळापासून, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळापासून, सापडतात, ती मुदतही काही कमी नाही. पण त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे ३६ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळात, तळावरच्या वस्तू कवचाला चिकटवणाऱ्या गोगलगाई होत्या. लिन्स्ली आणि योकेल्सन या दोघा जीवाश्मतज्ज्ञांनी १९७३मध्ये उत्तर अमेरिका आणि जर्मनीतले त्यांचे जीवाश्म सविस्तर मांडले. त्यांचा झेनोफोराशी नातेसंबंध नाही, त्या पार वेगळ्या, आज नामशेष झालेल्या कुलातल्या. म्हणजे ही युक्ती एकदा सुचली, मेली, आणि कोट्यवधी वर्षांनी भलत्याच घरात पुन्हा सुचली. त्यांच्यातल्या एका गटाचं नाव फिलोझेन. परक्यांवर माया करणारी. अशा जीवाश्मांवर पुष्कळदा चिकटवलेली वस्तू उरलेली नसते. ती झिजून, सुटून गेलेली असते आणि मागे फक्त खळगा उरतो. त्या खळग्यावरून तिथे काय होतं ते ओळखायचं.

खळगे म्हटल्यावर मी उठले आणि काकांचा डबा काढला. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. काड्यापेटीचा कागद पिवळा पडलाय, आत तीन तुकडे: एक खडा, एका लांबुडक्या शंखाचं टोक आणि एक झडप, करंगळीच्या नखाएवढी. शंख टेबलावर ठेवला, दिवा जवळ ओढला, भिंग घेतलं. खडा कुठल्याच खळग्यात नीट बसेना, बहुतेक माझ्या ब्लेडनं त्याची कड उडाली असावी. शंखाचं टोक बसलं, पण डुगडुगत होतं. झडप मी आधी पालथी ठेवून बघितली. शिंपला म्हटलं की हात आपसूक तसाच ठेवतो. नाही बसली. फिरवली, तरी नाही. मग उताणी केली. खळग्याच्या उंचवट्यात तिची पाठ अशी जाऊन बसली की बोट काढल्यावरही हलली नाही. डिंक लावला नाही. वाटीच्या तळाशी, मी घासताना सुटलेला, वाळूचा एक कण अजून होता.